सीए ऑफिससाठी क्लायंट नोंदी व बिलिंगचं सॉफ्टवेअर : प्रकल्प नोंदी, बडोदा, जानेवारी ते मे २०२५

६ जानेवारी, सोमवार

ऑफिस दांडिया बाजारात. दोन भागीदार, पगारी स्टाफ पाच, आर्टिकल (सीएचे प्रशिक्षणार्थी) तीन. क्लायंट साडेतीनशेच्या आसपास : मकरपुरा जीआयडीसीतली छोटी युनिटं, मंगळ बाजार आणि रावपुऱ्यातली दुकानं, पगारदार, पेन्शनर, काही ट्रस्ट आणि मंडळं, थोड्या प्रायव्हेट लिमिटेड आणि एलएलपी.

सध्याची व्यवस्था अशी : क्लायंटची यादी एका एक्सेलमध्ये, ड्यू डेट दुसऱ्या एक्सेलमध्ये, पासवर्ड डायरीत, बिलं टॅलीत आणि वसुली भागीदारांच्या डोक्यात. या पाचांना जोडणारं काहीच नाही. रिटर्नचं बिल निघतं, कारण रिटर्नला तारीख असते. नोटिशीचं उत्तर, बँकेसाठी नेटवर्थ सर्टिफिकेट, जीएसटीत पत्ता बदलणं ही कामं फोनवर येतात, आर्टिकल करून टाकतो आणि बिल न फाटताच विषय संपतो.

हे किती होतं ते तपासायचा सोपा मार्ग म्हणजे यूडीआयएन, सीएने सही केलेल्या कागदाला मिळणारा वेगळा नंबर. सर्टिफिकेटांना तो १ फेब्रुवारी २०१९ पासून सक्तीचा आहे, त्यामुळे आयसीएआयच्या (सीएंच्या संस्थेच्या) पोर्टलवरची यादी पुरी असते, आपल्या रजिस्टरसारख्या तिच्यात नोंदी गळलेल्या नसतात. ती यादी उतरवून टॅलीतल्या बिलांशी लावली. जवळजवळ तिसरा हिस्सा सर्टिफिकेटांना बिलच नाही.

म्हणून पहिली अट लिहून ठेवली : काम पूर्ण झालं म्हणून टिक केलं की ते ‘बिल बाकी’ यादीत आपोआप आलं पाहिजे आणि बिल होईपर्यंत किंवा भागीदाराने कारण लिहून माफ करेपर्यंत तिथून हलता कामा नये. बाकी सगळ्या सोयी यानंतर.

९ जानेवारी

सॉफ्टवेअर बघायच्या आधी क्लायंट मास्टर. किल्ली पॅन, नाव नव्हे. एकच माणूस ‘जयेशभाई’, ‘जयेशकुमार’ आणि आडनाव पुढे घेऊन, असा तीन ठिकाणी बसलेला असतो. मराठी घरांतही तेच : बँकेत वडिलांचं नाव मध्ये, पॅनवर आडनाव पुढे.

पॅनचं चौथं अक्षर बघून प्रकार ठरवला : व्यक्तीला पी, एचयूएफला (हिंदू अविभक्त कुटुंब) एच, फर्मला एफ, कंपनीला सी, ट्रस्टला टी. जीएसटीआयएन (जीएसटी नोंदणीचा नंबर) पंधरा जागांचा, पहिल्या दोन राज्याच्या (गुजरात २४), तिसरीपासून बारावीपर्यंत पॅन. एक्सेलच्या ‘मिड’ फॉर्म्युल्याने तो तुकडा काढून पॅनच्या रकान्याशी ताडला. जिथे जमत नाही तिथे बहुतेक वेळा प्रोप्रायटरची भागीदारी झालेली असते आणि यादीत जुनाच नंबर पडून असतो.

मास्टरमध्ये हे रकाने हवेतच : ग्रुप (घर किंवा उद्योगसमूह), बिल कोणाच्या नावे, प्रत्येक पोर्टलवर नोंदलेला मोबाइल कोणाचा, डीएससी (डिजिटल सही) कधी संपते, तिचं टोकन कुठल्या खणात. मोबाइलचा रकाना सगळ्यात दुर्लक्षित आणि सगळ्यात कामाचा. वीस तारखेला, मासिक जीएसटीच्या शेवटच्या दिवशी, संध्याकाळी ओटीपी नोकरी सोडून गेलेल्या मुनीमजींच्या फोनवर जातो तेव्हा त्याची किंमत कळते.

‘बिल कोणाच्या नावे’ हेही मोघम सोडून चालत नाही. पाच जणांच्या घराचं एकच बिल वडिलांच्या फर्मच्या नावे मागतात, म्हणजे जीएसटीचं क्रेडिट मिळेल. मुलीच्या पगाराच्या रिटर्नची फी फर्मच्या धंद्याचा खर्च नाही, तेव्हा त्यावर क्रेडिटही नाही. ग्रुप वसुलीसाठी एक ठेवायचा, बिलं मात्र पॅनप्रमाणे वेगळी.

१६ जानेवारी

उत्तरायण आणि वासी उत्तरायणनंतर काम पुन्हा सुरू. तीन पर्याय निवडले. नावांऐवजी अक्षरं, कारण ही नोंद पुढे आर्टिकलही वाचणार.

अ : ऑफिसच्या सर्व्हरवर चालणारं, एकदाच पैसे, पुढे दर वर्षी मेंटेनन्स.
ब : क्लाउडवरचं, खास सीए ऑफिससाठी, दर माणशी वर्षाचं भाडं.
क : सर्वसाधारण बिलिंग सॉफ्टवेअर आणि कामांसाठी आपलीच एक्सेल.

अ बद्दल आधीच एक खूण केली. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीला पूर आला तेव्हा शहराच्या बऱ्याच भागात वीज नव्हती, काही ठिकाणी लोकांना घराबाहेर पडता आलं नाही. सर्व्हर तळमजल्यावर असेल तर तो उचलून वर नेणं हीच बॅकअपची योजना ठरते. ऑफलाइन चालणं हा गुण खराच, पण बडोद्यात पावसाळ्याचे दोन महिने तो अर्धाच उरतो.

ब बद्दल उलटी भीती : कंपनीने गाशा गुंडाळला तर? क्विकबुक्स हे हिशेबाचं सॉफ्टवेअर भारतातून २०२३ मध्ये गेलं, आणि मागे लहानसहान कंपनी नव्हती, इंट्युइट होती. तेव्हा क्लाउडवाल्यांना पहिला प्रश्न ‘काय काय येतं’ असा विचारायचा नाही, ‘बाहेर काय काय काढता येतं’ असा विचारायचा.

२१ जानेवारी

विक्रेत्याचा डेमो त्याच्या नमुन्यांवर बघायचा नाही, आपल्या नमुन्यांवर बघायचा. चाचणीचा कागद केला, तिघांनाही तोच.

एक. फी ६०,०००, जीएसटी १८ टक्के म्हणजे १०,८००, बिल ७०,८००. क्लायंटने आयकर कायद्याच्या १९४जे कलमाखाली (व्यावसायिक फीवरचा कर) १० टक्के टीडीएस कापून ६४,८०० जमा केले. बिल पूर्ण मिटलं पाहिजे आणि ६,००० टीडीएस येणेच्या खात्यात दिसले पाहिजेत. जीएसटी वेगळा दाखवलेला असला की टीडीएस फक्त फीवर कापायचा, हे सीबीडीटीच्या (प्रत्यक्ष कर मंडळाच्या) २०१७ च्या २३ क्रमांकाच्या परिपत्रकात स्पष्ट आहे. जे सॉफ्टवेअर ७,०८० दाखवेल ते नापास.

दोन. फी ८,०००, सोबत क्लायंटच्या वतीने भरलेली आरओसी (कंपनी निबंधक) फी १,२००. जीएसटी १,४४०, एकूण १०,६४०. सरकारी फी ‘प्युअर एजंट’ (क्लायंटसाठी फक्त पैसे भरणारा) म्हणून वेगळ्या ओळीत, करावेगळी. सगळ्यावर १८ टक्के लावलं तर २१६ रुपये उगाच जास्त. जीएसटीच्या नियम ३३ ची अट म्हणून क्लायंटची संमती फाइलला हवी, तेव्हा त्या ओळीला कागद जोडण्याची सोय हवी.

तीन. क्लायंटची नोंदणी पुण्यात, म्हणजे राज्य २७. बिलात आयजीएसटीच (दोन राज्यांमधला जीएसटी) आला पाहिजे. पत्ता बडोद्याचा टाकलेला असला तरी नोंदणीकृत क्लायंटसाठी जीएसटीआयएनचं राज्य धरलं गेलं पाहिजे.

चार. आगाऊ ५,९००. सेवेच्या आगाऊ रकमेवर कर त्याच महिन्यात द्यावा लागतो, मालासारखी सूट इथे नाही. रिसीट व्हाउचर निघून ५,००० आणि ९०० अशी फोड व्हावी, पुढे बिलात ती वजा व्हावी.

पाच. बिल रद्द. डिलीट होऊन नंबर गायब झालेला नको. रद्द असा शिक्का बसून नंबर जागेवर राहिला पाहिजे, कारण जीएसटीआर-१ च्या (विक्रीच्या रिटर्नच्या) १३ व्या तक्त्यात रद्द कागदांची संख्या द्यावी लागते.

सहा. आर्टिकलच्या लॉगिनमधून फी दिसता कामा नये, काम दिसलं पाहिजे. पासवर्ड वापरता यावा, पण यादी एकगठ्ठा उतरवता येऊ नये.

सात. तिमाही रिटर्न भरणारे दोन क्लायंट, एक गुजरातचा, एक राजस्थानचा. ३बी ची (कर भरण्याच्या रिटर्नची) तारीख पहिल्याला २२, दुसऱ्याला २४ यायला हवी.

आठ. आठवणीचं पत्र गुजरातीत, पीडीएफ करून. ‘श्री’ आणि ‘कृष्ण’ ही जोडाक्षरं फुटतात का ते बघायचं. ट्रस्टच्या विश्वस्तांना फुटक्या अक्षरांचं पत्र गेलं की त्यांचं लक्ष बाकीपेक्षा अक्षरांवरच जातं.

३ फेब्रुवारी

शनिवारच्या बजेटमध्ये १९४जे ची मर्यादा ३०,००० वरून ५०,००० वर नेण्याचा प्रस्ताव, १ एप्रिल २०२५ पासून. चाचणीच्या कागदात नववा मुद्दा : ही मर्यादा कुठे बदलता येते? सेटिंगमध्ये रकाना असेल तर ठीक. ‘अपडेट पाठवू’ असं उत्तर आलं तर मार्च-एप्रिलमध्ये त्यांचा फोन लागेल का, हा वेगळा प्रश्न.

मुळात मर्यादा बघून टीडीएसचा अंदाज सॉफ्टवेअरने करणं आपल्याला नकोच. कापायचा की नाही हे क्लायंट ठरवतो. आपल्याला फक्त पावती घेताना ‘बँकेत आले इतके, टीडीएस इतका’ असे दोन रकाने हवेत.

११ फेब्रुवारी

निकाल.

अ : पहिला मुद्दा पास, दुसरा नापास. सरकारी फीसाठी ‘शून्य दराचा आयटम’ करा म्हणाले. तसं केलं तर बिल बरोबर दिसतं, पण रिटर्नच्या तक्त्यात ती रक्कम करमुक्त सेवेत जाऊन बसते. चूक कागदावर दिसत नाही, रिटर्नमध्ये निघते, ही सगळ्यात वाईट जात. बिल डिलीट होतं, नंबर जातो. गुजराती उत्तम.

ब : पहिले पाच पास. सातवा पास. गुजराती पीडीएफमध्ये ‘कृष्ण’ चा पाय वेगळा पडला. ईमेलच्या मजकुरात तेच नीट दिसतं, कारण तिथे अक्षरं ब्राउझर जुळवतो, पीडीएफ त्यांचा जुना इंजिन बनवतो. आर्टिकलच्या लॉगिनमध्ये फी लपते, पण ‘ग्रुपची बाकी’ हा रिपोर्ट उघडा राहतो. सांगितल्यावर त्यांनी परवानगीच्या यादीत तो रिपोर्ट वेगळा काढून दिला. बिलाचा नंबर मात्र नापास : त्यांचा ठरलेला नमुना म्हणजे ‘इनव्हॉइस’ हा इंग्रजी शब्द सात अक्षरं, वर्ष २०२५-२६ सात, आकडे चार, तिरप्या रेघा दोन, एकूण वीस. जीएसटीचा नियम ४६ सोळा जागांच्या पुढे जाऊ देत नाही. नमुना बदलता येतो, म्हणून धरून चालतो.

क : बिलिंग तिघांत सर्वांत चोख. पण काम आणि बिल यांच्यात पुन्हा एक्सेलच. पहिल्याच अटीवर बाद. यावर भागीदारांत बरीच चर्चा झाली, कारण खर्च सर्वांत कमी. पण बिल चोख निघणं ही अडचण टॅलीतही नव्हती. अडचण न निघालेल्या बिलांची आहे.

१९ फेब्रुवारी

ब घ्यायचं ठरलं. हिशेब लिहिण्यासाठी टॅली तशीच.

भाव ठरवताना दोन गोष्टी. दर माणशी भाडं असलं की आर्टिकलसाठी पूर्ण लायसन्स घ्यायला लावतात. फक्त कामांच्या नोंदी करणारं स्वस्त लॉगिन मागितलं, मिळालं. आणि व्हॉट्सअॅपवरून जाणाऱ्या आठवणींचा खर्च भाड्यात नसतो, मेसेजमागे वेगळा लागतो. तो आकडा कोटेशनमध्ये लिहून घेतला.

करारात घालून घेतलेली कलमं : डेटा भारतातल्या सर्व्हरवर. डेटा फुटला तर आपल्याला तातडीने लेखी कळवणं (डेटा संरक्षणाचा २०२३ चा कायदा आहे, नियमांचा मसुदा ३ जानेवारीला आला, उद्या जबाबदारी आपल्यावरच येणार). करार संपल्यावर नव्वद दिवस फक्त वाचण्यापुरतं लॉगिन. सर्व तक्ते एक्सेलमध्ये आणि जोडलेले कागद मूळ फाइलनावांसह काढून देणं. शेवटचं कलम बहुतेकांच्या करारात नसतं : तक्ते मिळतात, पण पीडीएफच्या हजार फाइली आकडेवजा नावांनी येतात आणि कुठली कोणाची ते कळत नाही. ऑडिटचे कागद एसक्यूसी १ (ऑडिटच्या दर्जाचं मानक) प्रमाणे किमान सात वर्षं सांभाळायचे असतात, सॉफ्टवेअर तितकं टिकेलच असं नाही.

५ मार्च

जुन्या बाक्या. टॅलीत क्लायंटची एकूण बाकी बरोबर, बिलवार बाकी चूक. कारण एकच : वर्षानुवर्षं पावत्या ‘अगेन्स्ट रेफ’ (ठरावीक बिलाला लावून) ऐवजी ‘ऑन अकाउंट’ (बिल न सांगता) टाकलेल्या. बेरीज जुळते म्हणून कोणी ओरडत नाही, पण २०२१ चं बिल न मिटलेलं दिसतं आणि त्याच्या शेजारी तितकीच रक्कम अधांतरी. हे तसंच नव्या सॉफ्टवेअरमध्ये नेलं तर पैसे देऊन बसलेल्या क्लायंटला पहिल्याच दिवशी आठवणीचा मेसेज जाईल.

सफाईचा क्रम :

आधी ‘ऑन अकाउंट’ रकमा सर्वांत जुन्या बिलाला लावायच्या, पण रक्कम तंतोतंत जुळणारं बिल असेल तर त्याला आधी.

मग उरलेल्या छोट्या बाक्या. ४७,२०० च्या बिलावर ४,००० बाकी दिसली की ती बाकी नव्हे, ४०,००० चा दहा टक्के टीडीएस आहे. बाकी भागिले मूळ फी बरोबर ०.१० असा रकाना करून सगळ्या गाळून काढल्या. त्या प्रत्येकीला २६एएस मध्ये (पॅनवर जमा टीडीएसच्या आयकर खात्याच्या विवरणात) शोधायचं. तिथे सापडली तर टीडीएस येणेत वर्ग. न सापडली तर क्लायंटने कापला पण भरला नाही, किंवा भरला आणि पॅन चुकीचा टाकला. अशांची वेगळी यादी, कारण ही वसुली पैशाची नाही, टीडीएस रिटर्न सुधारून घेण्याची आहे.

मग खरोखरच बुडीत. ती भागीदारांसमोर, एकेक.

१८ मार्च

कामांचे साचे. ब सोबत तयार साचे येतात, पण आंधळेपणाने चालू केले तर प्रत्येक क्लायंटला सगळी कामं चिकटतात आणि महिनाभरात स्टाफ यादी बघणंच सोडतो. म्हणून उलट केलं : सगळं बंद, मग मास्टरमधल्या प्रकाराप्रमाणे चालू.

मासिक जीएसटी : जीएसटीआर-१ ला ११ आणि ३बी ला २०. तिमाही : १३ आणि २२, मधल्या महिन्यांचं चलन २५. कंपोझिशन (छोट्या धंद्यांची ठोक दराची योजना) : १८. टीडीएस भरणा ७, मार्चचा ३० एप्रिल. टीडीएस रिटर्न ३१ जुलै, ३१ ऑक्टोबर, ३१ जानेवारी, ३१ मे. पीएफ आणि ईएसआय १५. महानगरपालिकेचा व्यवसाय वेरा (व्यवसाय कर) साच्यांत नव्हताच, हाताने केला.

प्रत्येक कामाला दोन तारखा : सरकारी आणि आपली. आपली चार दिवस आधी. शिवाय ‘कागद आले’ ही पायरी सक्तीची, तारखेसह. उशीर कोणामुळे झाला हे त्यावरून कळतं आणि लेट फी कोणी सोसायची हा वाद तिथेच मिटतो.

नोटीस, सर्टिफिकेट, दुरुस्ती यांचा साचा वेगळा, बिनतारखेचा. त्यात फीचा रकाना काम उघडतानाच भरायचा, शून्य चालेल, रिकामा चालणार नाही. सर्टिफिकेटच्या कामाला यूडीआयएन टाकल्याशिवाय ‘पूर्ण’ होत नाही असं कुलूप घातलं. सही झाल्यापासून साठ दिवसांत तो काढायचा असतो, तेव्हा तिसाव्या दिवशी सूचना.

२९ मार्च

बिलाचा नंबर : तीन इंग्रजी अक्षरं, तिरपी रेघ, २५-२६, तिरपी रेघ, चार आकडे. चौदा जागा. आगाऊ पावत्यांची मालिका वेगळी, क्रेडिट नोटांची वेगळी.

एसएसी कोड (सेवेच्या प्रकाराचे जीएसटी कोड) कामाच्या साच्यालाच बांधले : ऑडिट ९९८२२१, हिशेब लेखन ९९८२२२, कंपनीचा कर सल्ला ९९८२३१, व्यक्तीचं रिटर्न ९९८२३२. बिल करणाऱ्याने कोड निवडायचा नाही. निवडायला दिलं की यादीतला पहिलाच निवडला जातो.

मार्चअखेरपर्यंतची सगळी बिलं टॅलीतूनच. नव्यात ती पुन्हा टाकायची नाहीत, फक्त बिलवार बाकी ओपनिंग म्हणून.

१ एप्रिल

चालू. टॅलीत बिलं नेण्याची फाइल एक्सएमएल. पहिल्या खेपेला निम्मी व्हाउचरं नाकारली गेली. कारणं : लेजरच्या नावाशेवटी एक रिकामी जागा, आणि ‘राउंड ऑफ’ हे लेजरच टॅलीत वेगळ्या स्पेलिंगने. दुसऱ्या खेपेला सगळी आत गेली, पण नंबर बदलले. सेल्स व्हाउचरचं नंबरिंग ‘ऑटोमॅटिक’ असलं की टॅली स्वतःचे नंबर देते. ते ‘मॅन्युअल’ केलं, डुप्लिकेट रोखण्याची खूण चालू केली, टाकलेली व्हाउचरं काढून पुन्हा घेतली. हे खऱ्या कंपनीत करायच्या आधी कॉपीवर करावं, तसंच केलं होतं.

५ मे

एप्रिलचं जीएसटीआर-१ भरण्याआधी तीन आकडे समोरासमोर : ब मधली करपात्र विक्री, टॅलीतली, आणि पोर्टलवर चढवलेल्या फाइलीतली. पहिले दोन जुळले. तिसऱ्यात सरकारी फीइतका फरक नाही, म्हणजे ती ओळ कुठल्याच तक्त्यात घुसली नाही. फरक आला तो पैशांत, प्रत्येक बिल राउंड केल्यामुळे. कर राउंड करायचा नाही, फक्त एकूण बेरीज, अशी सेटिंग बदलली.

‘बिल बाकी’ यादी आठवड्यातून एकदा, सोमवारी, भागीदारांपैकी एकाने बघायची. एप्रिलच्या यादीत सर्वांत जास्त कामं नोटिशींची आणि डीएससी नव्या करण्याची. माफ केलेल्या कामांची कारणं वाचण्यासारखी : ‘जुने संबंध’ हे कारण इतक्या वेळा आलं की ते ड्रॉपडाउनमधून काढून टाकलं. आता भागीदाराला स्वतः टाइप करावं लागतं.

बाकी राहिलेलं : पीडीएफमधली गुजराती जोडाक्षरं, ब कडून जूनमध्ये दुरुस्ती येणार, तोवर गुजराती आठवणी ईमेलच्या मजकुरातच. डीएससीच्या टोकनांवर खणाचा नंबर चिकटवणं, एका आर्टिकलकडे. चौथ्या तिमाहीचे टीडीएस रिटर्न क्लायंट ३१ मे पर्यंत भरतील, त्यानंतर जूनमध्ये २६एएस उतरवून ५ मार्चच्या यादीतल्या न सापडलेल्या रकमा पुन्हा शोधायच्या.